थोरली, धाकली आणि बर्फखान्यावरचा खांब

आमच्या गाळ्यात येणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार बहुधा तीन शब्दांत असे: ‘लावलंय, दिसत नाही.’

गाळा चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली बरण्यांची झाकणं बनतात, शेजारी चष्म्यांच्या काड्या. बाहेरच्या बोर्डावर ‘रेडिओ’ हा शब्द आहे, त्यामुळे अजूनही कोणीतरी आजोबांचा लाकडी रेडिओ चादरीत गुंडाळून जिना चढतं. त्याला पाणी देऊन परत पाठवावं लागतं. आमचा रेडिओ अंगठ्याएवढा असतो. त्याला बटण नाही, काटा नाही, स्पीकर नाही. एका टोकाला अँटेनाची वायर लागते, दुसरं टोक संगणकात जातं.

नेहमीच्या रेडिओत स्टेशन शोधणं, आवाज वेगळा काढणं ही कामं आतले सुटे भाग करतात. या रेडिओत ती संगणकातला प्रोग्राम करतो. अंगठ्याएवढा तुकडा हवेतल्या लहरी पकडून त्यांचे आकडे करतो आणि पुढे ढकलतो, एवढंच. म्हणून तोच तुकडा आज एफएम ऐकवतो, उद्या आकाशातल्या विमानांची जागा दाखवतो, परवा समुद्रातल्या जहाजांची. अँटेना बदलली, प्रोग्राम बदलला की काम बदललं. कागदोपत्री त्याला सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ म्हणतात. गाळ्यात सगळे डोंगल म्हणतात.

डोंगल जोडला की संगणक आधी त्याची ओळख विचारतो. डोंगल तीन गोष्टी सांगतो: आपण कोणत्या कारखान्याचे, कोणत्या प्रकारचे आणि आपला स्वतःचा क्रमांक काय. पहिल्या दोन उत्तरांत गोंधळ झाला की यंत्र ‘दिसत नाही’. यातल्या बऱ्याच डोंगलांचा जन्म टीव्ही दाखवण्यासाठी झालेला असतो. संगणक ओळख ऐकून त्यांना टीव्हीच समजतो आणि टीव्हीच्या कामाला लावतो. तिथून सोडवून त्यांना रेडिओच्या कामावर आणणं ही आमची रोजची भाकरी.

तिसऱ्या उत्तराची अडचण वेगळी आहे. स्वस्तातल्या जवळजवळ सगळ्या डोंगलांचा स्वतःचा क्रमांक एकच असतो: सात शून्यं आणि शेवटी एक. एकच डोंगल असेल तर काही बिघडत नाही. दोन लावले की संगणकासमोर एकाच नावाची दोन माणसं उभी राहतात. जो आधी सापडेल तो पहिला, उरेल तो दुसरा. संगणक बंद करून चालू केला की आधी सापडणारा बदलू शकतो. मग विमानांचा प्रोग्राम जहाजांच्या अँटेनाला जाऊन चिकटतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, कालपर्यंत झकास चाललं होतं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक डोंगलच्या चिपमध्ये त्याचं वेगळं नाव लिहायचं. मग प्रोग्रामला सांगता येतं, पहिला-दुसरा बघू नकोस, नावाने हाक मार.

गाळ्यात येण्याआधी मी अंधेरीला एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. तिथे पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट म्हणजे बातमीतलं नाव आधी तपासायचं, बाकी नंतर. वर्तमानपत्राने अंधेरीची कचेरी आवरती घेतली तेव्हा मेव्हण्याने गाळ्यात बोलावलं. तिथेही तेच काम निघालं.

नावं लिहिण्याचं काम मात्र माझं नव्हतं. ते सुलभा पेडणेकर यांचं. वडील परळच्या गिरणीत, गाव कणकवलीजवळ. स्वतः टीव्हीच्या कारखान्यात सोल्डरिंग करत आमच्याकडे आलेल्या. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, तसा डोंगलमध्ये नाव लिहिण्याचा मान यांचा, म्हणून वसाहतीत सगळे त्यांना आत्या म्हणू लागले. पुढे गाळ्यात पद्धतच पडली. नाव गिऱ्हाइकाने सुचवायचं, आत्याने लिहायचं, डोंगल काढून पुन्हा लावायचा, आणि तो नवं नाव सांगतो की नाही हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत बघायचं. बारशात नाव ठेवून झालं की ‘कुर्रर्र’ करून आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. इथेही कोणीतरी त्यांच्या पाठीत एक हलकी थाप मारायचं. नवीन गिऱ्हाईक बुचकळ्यात पडे. आत्या मान न वळवता म्हणत, “माझ्या कामाचा तो पगार आसा.”

मुलुंडचे एक निवृत्त बँक अधिकारी विमानांच्या नादाने तीन डोंगल घेऊन आले. त्यांना तीन बहिणींची नावं ठेवायची होती, आणि ती मराठीत. आत्यांनी सांगितलं, चिपमध्ये इंग्रजी अक्षरंच बसतात. गृहस्थ जरा नाराज झाले.

“म्हणजे कमलाताईला इंग्रजीत हाक मारायची?”

“हाक मराठीतच मारा,” आत्या म्हणाल्या. “ती ओ इंग्रजीत देईल.”

घाटकोपरच्या एका दुकानदाराचा प्रसंग इतका हसरा नव्हता. त्याने नातवासाठी महागातला डोंगल मागवला होता. डबा सुरेख, वरचं धातूचं कवच सुरेख, संगणकाला सांगितलेलं नावही महागड्याचंच. पण ऐकायला बसलं तर खालच्या पट्ट्यातलं, म्हणजे साध्या डोंगलला पकडता न येणारं, काहीच ऐकू येईना. कवच उघडलं तेव्हा आत साधा डोंगल निघाला. कोणीतरी त्याच्यात मोठं नाव लिहून ठेवलं होतं. नाव लिहिता येतं याचा अर्थ खोटं नावही लिहिता येतं. दुकानदाराने तो उघडा तुकडा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, “आमच्या लाइनमध्ये पण हेच चालतं. पण आम्ही कपड्यात करतो.” त्यानंतर गाळ्याचा नियम झाला: नाव विचारायचं, पण कवच उघडून खात्रीही करायची.

सगळ्यात लक्षात राहिलेलं काम खाडीपलीकडच्या एका कोळीवाड्याचं.

तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या महिला समितीच्या प्रमुख जयमालाताई. नवरा धनाजी तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. त्या स्वतः मासे विकतात. त्यांची अडचण बोट कधी येणार ही होती. किनाऱ्याजवळ आल्याशिवाय बोटीवरचा मोबाइल लागत नाही. तोवर बायका टोपल्या घेऊन धक्क्यावर बसून राहणार. बर्फ आधी आणला तर वितळणार, उशिरा आणला तर बोंबील मऊ पडणार. आणि बोंबील एकदा मऊ पडला की त्याला कोणी हात लावत नाही. त्यांच्या काही बोटींवर एक छोटं यंत्र बसवलेलं आहे. ते थोड्या थोड्या वेळाने बोटीचं नाव, जागा आणि वेग हवेत सोडतं. जयमालाताईंना ते किनाऱ्यावर बघायचं होतं.

बर्फखान्याच्या छतावर सोसायटीचा एक उंच लोखंडी खांब होता. पूर्वी त्यावर कर्णा असे. त्यावर आम्ही अँटेना बसवली. वायर खालच्या खोलीत आणून एका डोंगलला जोडली, संगणकाच्या पडद्यावर नकाशा लावला. सोसायटीकडे परवान्याचा वायरलेस होता, त्यावरचं बोलणं ऐकायला दुसरा डोंगल, त्याची आखूड अँटेना खिडकीत. दोन डोंगल म्हटल्यावर नावं आली. जयमालाताई म्हणाल्या, “छतावरची ती थोरली, खिडकीतली धाकली.” आत्यांनी इंग्रजी अक्षरांत थोरली आणि धाकली लिहिलं, तशाच चिठ्ठ्या वरून चिकटवल्या. पुढे नवा डोंगल लावावा लागला तर नाव कसं लिहायचं, त्याचा कागदही तिथे ठेवला. थाप मारायची पद्धत ऐकून जयमालाताईंनी जी थाप मारली ती हलकी नव्हती.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटल्या आणि पडदा कामाला लागला. क्षितिजापलीकडची बोट दिसे, तिचा वेग बघून ती कोणत्या वेळेला आत शिरेल याचा अंदाज जयमालाताई सांगत, आणि त्याप्रमाणे बर्फ निघे. त्यांचा दीर मोतीराम सोसायटीचा सचिव. त्याला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. “वैनी घरात बसून समुद्र बगते,” असं तो चारचौघांत म्हणे. जयमालाताई उत्तर देत, “भावजी बोटीवर बसून मोबाइल बगतात, त्यापेक्षा बरा.”

एका शनिवारी जयमालाताई एकट्याच गाळ्यात आल्या. तक्रार नेहमीच्या तीन शब्दांतली नव्हती.

“दिसतंय, पण अर्धाच दिसतंय,” त्या म्हणाल्या. “बोट खाडीच्या तोंडाशी आली की दिसते. तवा तर मना डोळ्यांनी पन दिसते.”

त्या आठवड्यात त्यांनी पडद्यावर बोट नाही असं बघून बर्फ थांबवला होता. बोट थोड्याच वेळात समोर येऊन उभी राहिली. बोंबील गेला. ज्या बायकांचा गेला त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटेपासून धक्क्यावर जाऊन बसल्या. रविवारी सोसायटीची सभा होती. खांबावरची अँटेना काढून तिथे पुन्हा कर्णा लावावा, असा ठराव मोतीराम मांडणार होता. सभेचा कल त्याच्याकडे होता.

“अँटेना उतरली की परत कोन चढवत नाय,” जयमालाताई म्हणाल्या. “आनि माझा पन कोन ऐकनार नाय.”

रविवारी सकाळी मी आणि आत्या मार्व्याहून फेरीबोटीने पलीकडे गेलो. सभा सुरू व्हायला अवकाश होता. माणसं सोसायटीच्या ओट्यावर जमत होती. मोतीराम हातात ठरावाचा कागद घेऊन खोलीच्या दारात उभा राहिला. आम्हाला अडवलं नाही, आतही या म्हणाला नाही.

छतावरची अँटेना ठीक होती. वायर ठीक होती. टेबलावर दोन डोंगल, दोन्हींवर चिठ्ठ्या. थोरलीची चिठ्ठी मात्र आमच्या अक्षरातली नव्हती.

“हा डोंगल आमचा नाही,” मी म्हटलं.

“जुना मेला,” मोतीराम म्हणाला. “खाऱ्या हवेत गंजला. वैनी घाऊक बाजारात होती. फोन करून बोलली, नवीन आना नि लावा. मी बोरिवलीवरून आनला.”

“आणि नाव?”

“ठेवला ना. तुमी दिलेल्या कागदावर लिवलाय तसा. कमांड टाकली, त्याने विचारला करू का, मी बोललो कर. झाला.” सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. त्याने मनाविरुद्ध केलेलं काम, पण नीट केलेलं.

आत्यांनी पिशवीतून चष्मा काढला. “त्या वेळेक धाकली खंय होती?”

“कुठं म्हंजे? हितंच. लावलेली.”

“काढलास नाय?”

“काढू कशी? वैनीनं बजावलाय. गणपतीत मंडपवाल्यानं वायरी उपटल्या, तवापासून तिचा हुकूम हाय, लावलेल्या वायरीला कोनी हात लावायचा नाय.” त्याने भिंतीवर बोट दाखवलं. तसा फलकच होता, जयमालाताईंच्या अक्षरात.

आत्या खुर्चीत टेकल्या आणि हसायला लागल्या. हसणं आवरल्यावर त्यांनी सगळ्यांना टेबलाजवळ बोलावलं. दोन्ही डोंगल काढले. मग फक्त धाकली लावली आणि संगणकाला तिचं नाव विचारलं. पडद्यावर उत्तर आलं: थोरली. ती काढून नवीन डोंगल लावला. उत्तर आलं: सात शून्यं आणि एक.

घडलं ते असं. नाव लिहिण्याची कमांड डोंगलला ओळखत नाही. संगणकाला जो आधी सापडेल त्यात ती नाव लिहिते. मोतीरामने कमांड टाकली तेव्हा आधी सापडली ती धाकली. थोरलीचं नाव तिच्यात गेलं. नव्याला नाव मिळालंच नाही, फक्त चिठ्ठी मिळाली. त्यानंतर बोटींचा प्रोग्राम थोरलीला हाक मारी आणि ओ येई खिडकीतून. छतावरची उंच अँटेना निनावी डोंगलला लटकून होती, तिचं कोणीच ऐकत नव्हतं. खिडकीतल्या आखूड अँटेनाला खाडीच्या तोंडापलीकडचं ऐकू येत नाही. धाकलीचा प्रोग्रामही बंद पडला असणार. पण वायरलेसचा संच बाजूलाच असल्यामुळे कोणाला त्याची गरज भासली नव्हती.

“अगो बाय माझ्या,” आत्या म्हणाल्या. “धाकलीच थोरली होऊन बसली हा.”

आत्यांचा जुना नियम आहे: नाव ठेवताना मशीनमध्ये एकच डोंगल, बाकीचे बाहेर. नियम इतका अंगवळणी पडलेला की तो कागदावर लिहावा असं गाळ्यात कोणालाच सुचलं नव्हतं. मोतीराम आमचा कागद आणि वहिनीचा फलक, दोन्ही तंतोतंत पाळून फसला होता.

त्याने ठरावाच्या कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. “म्हंजे बोंबील माझ्यामुळं गेला?”

“तुझ्यामुळं नाय, भावजी,” जयमालाताई म्हणाल्या. “माझ्या फलकामुळं. तू पयल्यांदा माझा ऐकलास, तिथंच चुकला.”

पुढचं काम सरळ होतं. एक डोंगल आत, नाव लिहिलं, काढला, लावला, नाव विचारलं. तसंच दुसऱ्याचं. नव्याचं कवच उघडून बघितलं. आतला तुकडाही सांगितलेल्याच जातीचा निघाला. मग वायरी जोडून नकाशा लावला. पडदा मोकळा होता. बोटी सतत बोलत नाहीत, थांबून थांबून बोलतात, हे माहीत असूनही सगळे पडद्यावर वाकले. बाहेरून कोणीतरी हाक मारली, “सचिव, सभा सुरू करायची का?” मोतीराम दारातून म्हणाला, “जरा दम धरा.”

पहिल्यांदा खाडीतल्या दोन बोटी आल्या. त्या खिडकीतूनही दिसत होत्या. मग पडद्याच्या डाव्या कडेला, पार लांब, एक ठिपका उगवला. जयमालाताई वाकून नाव वाचू लागल्या. नवऱ्याची बोट होती. त्यांनी वेग बघितला, भरती कधीची ते मनाशी जुळवलं.

“जेवनवेळेला आत,” त्या म्हणाल्या आणि बर्फ सोडायला सांगायला निघाल्या.

“वैनी,” मोतीरामने विचारलं, “नक्की ना? ह्या वेळेला पन बर्फ फुकट गेला तर मना ठराव मांडावाच लागंल.”

“मांड. पन बोट आल्यावर.”

सभा तशीच धक्क्यावर गेली. ठराव मांडणारा, त्याला पाठिंबा देणारे, विरोध करणारे आणि नुसते बघायला आलेले, सगळे. बायका मागून आल्या. ज्यांचा बोंबील गेला होता त्यांनी टोपल्या आणल्या, पण खाली ठेवल्या नाहीत. डोक्यावर घेऊनच उभ्या राहिल्या. बर्फाची हातगाडी जयमालाताईंनी स्वतः उभी करून घेतली. पाणी गाडीखालून वाहू लागलं तसं मोतीराम एकदा पाण्याकडे आणि एकदा समुद्राकडे बघू लागला. आत्यांना कोणीतरी खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, “संपादकानू, ही बातमी चुकली तर खुलासो खंय छापतलास?”

बोट जेवणवेळेच्या थोडी आधीच खाडीच्या तोंडाशी दिसली. बर्फ अजून बर्फच होता. धनाजी तांडेल उतरला तेव्हा सगळी सोसायटी स्वागताला आलेली बघून त्याने आधी विचारलं, “कोन गेला?”

“ठराव,” मोतीराम म्हणाला. त्याने कागद चुरगळून खिशात घातला आणि अध्यक्षांना सांगितलं की कर्णा देवळाच्या कमानीवरही चालेल, खांब आहे तसा राहू द्या. कोणी हात वर करायलाही थांबलं नाही. टोपल्या खाली उतरल्या होत्या, आणि बोंबील कोणासाठी थांबत नाही.

फेरीबोटीकडे परत निघताना जयमालाताईंनी आत्यांना पद्धतीची आठवण करून दिली. दोन्ही नावं नव्याने ठेवली, थाप राहिलीच.

“माझी नको,” आत्या म्हणाल्या. “आधीचा नाव कोणी ठेवल्यान ता बघा. तेचा धपाटा बाकी हा.”

मोतीरामला कळेपर्यंत उशीर झाला होता. पहिला धपाटा जयमालाताईंचा. नंतर, ज्यांचा बोंबील गेला होता त्या एकेक करून आल्या, बर्फाने गार झालेल्या हातांनी.